प्रति: ५.१ निवडूनही मागचे स्पीकर गप्प

टीव्ही बॉक्समध्ये ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर असा सराउंड आवाज) निवडलंय, केबलही बदलून झाली, तरी आवाज फक्त पुढूनच येतो असं तुम्ही म्हणताय. बॉक्स टीव्हीला आणि टीव्हीतून ऑप्टिकल केबल रिसीव्हरला (स्पीकर चालवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला) अशी जोडणी असेल, तर दोष केबलचा नसावा. ऑप्टिकलमधून पीसीएम (न दाबलेला डिजिटल आवाज) दोनच चॅनलचा जातो, ५.१ न्यायचा तर डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस या दाबलेल्या रूपातच. बरेच बॉक्स आवाज स्वतः डीकोड करून मल्टिचॅनल पीसीएम पाठवतात आणि टीव्ही पुढे त्याचा स्टिरिओ करून टाकतो. म्हणून बॉक्समध्ये 'ऑटो' न ठेवता डॉल्बी डिजिटल निवडा आणि टीव्हीचं डिजिटल आउटपुट पीसीएमऐवजी बिटस्ट्रीम किंवा पासथ्रू (आवाज आहे तसाच पुढे पाठवणं) करा. ही दुसरी सेटिंग हमखास राहून जाते, कारण ती बॉक्समध्ये नसते, टीव्हीत असते.

साध्या एआरसीवरही (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच रिसीव्हरला पाठवायची सोय) मल्टिचॅनल पीसीएम जात नाही, तिच्या सुधारित ईएआरसीवर मात्र ८ चॅनलपर्यंत जातो. रिसीव्हरला एचडीएमआय इनपुट मोकळा असेल तर बॉक्स सरळ तिथेच जोडा. मला तरी हाच मार्ग सगळ्यात भरवशाचा वाटतो, कारण मधला टीव्हीच वगळला जातो.

तपासताना रिसीव्हरच्या डिस्प्लेकडे बघा. 'प्रो लॉजिक' दिसलं तर स्टिरिओच पोचतोय आणि रिसीव्हर तो सगळ्या स्पीकरांत पसरवतोय. ऑडिओ ट्रॅकही बघून घ्या. मूळ भाषेत ५.१ असलेल्या चित्रपटाचा डब केलेला ट्रॅक पुष्कळदा स्टिरिओच असतो.