रंग वेगळा दिसला म्हणजे गाडी दुर्मिळ झाली का?

विश्रामबाग६४ :
गणपती पेठेतल्या एका बंद झालेल्या दुकानातून निघालेला डायकास्ट, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेल्या खेळण्यातल्या गाड्यांचा लॉट मध्यंतरी आपल्या सांगलीच्या ग्रुपवर विकायला आला. त्यात लिओ या भारतीय कंपनीची एक हॉट व्हील्स होती, अंग मळकट जांभळं. "या रंगात दुसरी सापडणार नाही" असं लिहून चार हजारांना लावली होती. मी फक्त तळाचा फोटो मागितला. तो शेवटपर्यंत आला नाही, आणि गाडी मात्र तासाभरात गेली. म्हणून हा धागा काढतोय.

माझं मत असं : गाडी कारखान्यातून तशीच बाहेर पडली हे गाडीच्या अंगावरून दिसलं पाहिजे, तरच ते व्हेरिएशन, म्हणजे कारखान्यातच झालेला वेगळा प्रकार, आणि तरच जादा पैसे. नुसता रंग बघून भाव लावायची सवय आपल्या सगळ्यांना महागात पडणार आहे.

मॅचबॉक्सचा १३ नंबरचा बीपी रेकर ट्रक (बंद गाड्या ओढून नेणारा) घ्या, डॉज, १९६५ चा. नेहमीचा असतो तो पिवळी केबिन आणि मागचा भाग हिरवा. सुरुवातीचे थोडे नग उलटे निघाले, केबिन हिरवी आणि मागचा भाग पिवळा. जगभर त्याला मोठी किंमत येते, आणि म्हणूनच साध्या ट्रकला रंग देऊन बनवलेले उलटे ट्रकही फिरतात. ६२ नंबरची मर्क्युरी कूगर नेहमी हिरवट मेटॅलिक, क्रीम रंगातली दुर्मिळ. तिथेही तीच भीती. जिथे फरक फक्त रंगाचा आणि किंमत कितीतरी पटीने जास्त, तिथे रंगाचा डबा घेऊन कुणीतरी बसलेलं असतंच.

दुसरं म्हणजे तळावरचं साल. ते बहुतेक वेळा डिझाइनच्या हक्काचं असतं, गाडी बनल्याचं नव्हे. तेच साल घेऊन गाड्या पुढे कित्येक वर्षं निघतात. अलीकडच्या हॉट व्हील्सच्या तळावर एक अक्षर आणि दोन आकडे छापलेले असतात, खरी तारीख ती. एम म्हणजे २०१९, पुढचा आकडा आठवड्याचा. एम३२ असेल तर २०१९ चा ३२ वा आठवडा, म्हणजे आपल्याकडे महापुराचं पाणी गावात शिरलं ते दिवस. एवढं बघायला सुद्धा कुणी गाडी उलटी करत नाही.

कृष्णाकाठ :
अजिबात सहमत नाही, दादा.

तुम्ही उदाहरणं देताय ती मॅचबॉक्स बनवणाऱ्या इंग्लंडच्या लेस्नीची. त्यांच्यावर पुस्तकं झाली, याद्या झाल्या, चाकाचा करडा रंग कुठला आणि काळा कुठला इथपर्यंत नोंदी झाल्या. लिओचं काय आहे? ब्लो प्लास्टच्या लिओने हॉट व्हील्सच्या मूळ अमेरिकन कंपनीशी, मॅटेलशी, हातमिळवणी करून भारतात हॉट व्हील्स काढल्या, आणि अमेरिकेत कधी न आलेल्या रंगांत काढल्या. बाहेरचे लोक आज त्याच वेड्यावाकड्या रंगांसाठी पैसे मोजतात. त्याआधी कलकत्त्याच्या निकी टॉइजने डिंकी या इंग्लंडच्या खेळण्यांच्या ब्रँडचे जुने साचे आणून गाड्या ओतल्या, तळावरचं डिंकीचं नाव खोडून. एकाच मॉडेलचे दोन नग शेजारी ठेवले तरी जुळत नाहीत. अशा मालाला तुम्ही कागदपत्रं मागणार असाल तर आपल्या गाड्यांना कधीच किंमत मिळायची नाही.

भाव घेणारा ठरवतो. सांगलीत हळदीचा सौदा होतो तेव्हा पुस्तक उघडून कोण बसतं? माल समोर, बोली समोर, ज्याला पटलं त्याने घेतलं. जांभळी गाडी चार हजारांना गेली ना? मग तिची किंमत चार हजार.

विश्रामबाग६४ :
हळदीच्या सौद्यात व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो, मग बोली लावतो. मी तरी वेगळं काय मागितलं? तळाचा एक फोटो.

आणि मी पुस्तक मागत नाहीये, भाऊ. लिओच्या नोंदी नाहीत हे मला तुमच्याइतकंच खुपतं. पण म्हणूनच जास्त जपायला हवं. उद्या कुणी यादी करायला बसला आणि त्यात घरी रंगवलेल्या चार गाड्या खऱ्या म्हणून शिरल्या, तर त्या बाहेर काढणार कोण? कारखान्याबाहेर, परवानगीशिवाय बदललेल्या गाडीला संग्राहक कोड ३ म्हणतात. तसं सांगून विका, माझी हरकत नाही. काही कोड ३ गाड्या फार सुंदर असतात.

कुपवाडचा_साचेवाला :
मी एमआयडीसीत जस्ताच्या डायकास्टिंगवर काम करतो, गाड्या मुलासाठी घेता घेता माझ्याच झाल्या. वाद बाजूला ठेवून गाडी कशी बघायची ते सांगतो.

गाडीच्या वरच्या अंगाला आतून खाली उतरलेले खुंट असतात. आधी अंग रंगवतात, मग काच, सीट, चाकं, तळ बसवून खुंटाची टोकं दाबून फुलवतात. तोच रिव्हेट. रंग आधी आणि दाब नंतर, त्यामुळे टोकावर रंग असलाच तर फुटलेला, चिरडलेला दिसतो. गुळगुळीत रंग रिव्हेटवरून तळावर ओघळलेला असेल तर गाडी जोडल्यावर फवारलेली आहे. टोक उडवून मधोमध ड्रिलचं भोक दिसत असेल, किंवा तिथे स्क्रू वा गोंद असेल, तर गाडी उघडलेली आहे. मग चाकंही बदलली असतील असं धरून चाला.

उन्हाचाही घोळ असतो. दुकानाच्या काचेत वर्षानुवर्षं ठेवलेल्या गाडीचा रंग उतरतो आणि कुणालातरी तो नवा रंग वाटतो. दाराची आतली कड, तळाजवळचा काठ, जिथे ऊन पोचत नाही तिथे बॅटरी मारून बघा. आत एक रंग, बाहेर दुसरा, तर ते ऊनच. ती मळकट जांभळी मला फोटोत तशीच वाटली होती, पण फोटोवरून खात्रीने बोलणार नाही.

साच्याचं वेगळं. साचा झिजला की अंगावर बारीक उठावाची रेघ येते, कडेला पातळ पापुद्रा येतो. त्याला व्हेरिएशन म्हणून जादा पैसे देऊ नका, प्रत्येक साच्याचं म्हातारपण असतं. मात्र कारखान्याने मुद्दाम साचा बदलला, खिडकीशेजारचा खांब जाड केला, खिडकी बुजवली, तर ते खरं व्हेरिएशन. तो बदल त्यानंतरच्या प्रत्येक नगावर दिसतो.

कृष्णाकाठ :
साचेवाले काका, रिव्हेटचं पटलं. पण निकीच्या काही गाड्या मी हातात घेतल्यात, त्यांची जुळणी इतकी ओबडधोबड की तुमच्या कसोटीला कारखान्याचाच माल नापास होईल. आणि रंग संपला की दुसरा डबा उघडला, असंही झालं असणार. मग तो एकुलता एक नग खरा असून खोटा ठरणार?

कुपवाडचा_साचेवाला :
ठरू शकतो. पण कारखान्यात डबा उघडला की त्यातून एक गाडी रंगवत नाहीत, अख्खा घाणा निघतो. आज ना उद्या दुसरा नग कुठेतरी निघतोच. तोवर निर्णय राखून ठेवा, फोटो काढून ठेवा, चार हजार देऊ नका.

कृष्णाकाठ :
दुसरा नग निघेपर्यंत पहिला नग परदेशात गेलेला असतो, काका. हे आपण आधीही पाहिलंय. मी असतो तर घेतली असती.

राजवाडा_सातारा :
वाद वाचला, शिकायला मिळालं. माझ्या भावाच्या लहानपणच्या मॅचबॉक्स माहेरी, सांगलीत होत्या. काही २०१९ च्या पुरात भिजल्या. खोकी गेली, दोन-तीन गाड्यांवर पांढरी भुकटी आली आहे. घासून, रंग देऊन घेतल्या तर किंमत राहील का? आणि पातळ चाकांच्या आणि जाड चाकांच्या अशा दोन्ही आहेत, त्यात फरक पडतो का?

विश्रामबाग६४ :
ताई, रंग देऊ नका. खरचटलेला मूळ रंग हा नव्या रंगापेक्षा नेहमी वरचा. खोकी गेली याचं वाईट वाटलं, जुन्या लेस्नीच्या खोक्याला कधीकधी गाडीइतकाच मान असतो. चाकांमुळे फरक पडतो, बराच. १९५३ पासूनच्या गाड्यांना आधी धातूची, मग करड्या, मग काळ्या प्लॅस्टिकची चाकं. १९६९ पासून सुपरफास्ट आली, ती वेगाने पळणारी, पुढे पुढे जाड झालेली. त्या बदलाच्या काळात एकच मॉडेल दोन्ही चाकांवर मिळतं. चाकांचे आणि आसाच्या टोकाचे जवळून फोटो टाका.

कुपवाडचा_साचेवाला :
भुकटी मऊ ब्रशने कोरडीच झाडा, पाणी, लिंबू, व्हिनेगर काही नको. झाडल्यावर खाली धातू सलग असेल तर तो नुसता वरचा गंज. पण अंग फुगलंय, जाळीसारख्या चिरा पडल्यात असं दिसलं तर ओतकामातच शिसं मिसळलेलं होतं. ते आतून पोखरतं आणि थांबत नाही. युद्धाआधीच्या डिंकीत ते फार, तुमच्या भावाच्या गाड्यांत बहुधा नसेल. सिलिका जेलच्या पुड्या टाकून डबा वरच्या मजल्यावर ठेवा.