मदत हवी: स्टीलच्या टाकीले सुईएवढं भोक पडलं, बाकी टाकी चकचकीत, काऊन?

राम राम मंडळी. गाव दर्यापूर तालुक्यात, म्हणजे पक्का खारपाणपट्टा, बोअरचं पाणी खारट. दोन वर्षांआधी ५०० लिटरची स्टीलची टाकी घेतली, दुकानदार म्हणे ३०४ नंबरचं स्टेनलेस स्टील आहे, लोहचुंबक लावून दाखवला, चिकटला नाही, झालं. गेल्या हप्त्यात टाकीखालची फरशी ओली दिसली म्हणून रिकामी करून आत टॉर्च मारला, तं तळाले गाळ बसते तिथं अन् वेल्डिंगच्या कडेनं मोहरीएवढे तांबूस ठिपके. एक खिळ्यानं खरडला तं पापडी निघाली, खाली काळं, अन् खिळ्याचं टोक सरळ आत गेलं! लोखंड असतं तं सारंच गंजलं असतं, हे एकाच जागी काऊन खाते? ब्लिचिंग पावडर टाकतो दर पंधरवड्याले, त्यानं तं नाही ना? (माय म्हणे प्लास्टिकची घे, मी ऐकलं नाही.)

उत्तर १:
भाऊ, हे पिटिंग, म्हणजे एकाच जागी खोल खड्डा पाडणारा गंज. क्रोमियममुळं स्टीलवर ऑक्साइडची अगदी पातळ साय असते, काही नॅनोमीटरची, खरचटली तरी ऑक्सिजन मिळाला की परत धरते. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड ती कच्च्या जागी फोडते, जसं मँगनीज सल्फाइडचे बारीक कण, वेल्डिंगनं निळसर पडलेला पट्टा, नाहीतर गाळाखाली जिथं ऑक्सिजनच पोचत नाही. मग खड्ड्यातलं लोखंड-क्रोमियम विरघळून पाण्यासोबत आम्ल बनवते, चार्ज बरोबर राहायला बाहेरचं क्लोराइड आत ओढल्या जाते, त्यानं अजून विरघळते, थांबतच नाही. तुमची ती पापडी म्हणजे झाकण, आतलं आंबट पाणी बाहेर जाऊ देत नाही. अन् बाहेरचा सारा चकचकीत पत्रा कॅथोड (तो वाचतो), एवढासा खड्डा ॲनोड (तो विरघळतो), म्हणून सारा मार तिथंच. ब्लिचिंगनं जोर वाढतो, त्यात पावडरचे गोळे तळाले बसले तं विचारूच नका.

चुंबकाचं सोडा, २०२ नंबरच्या हलक्या स्टीललाही चिकटत नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
मंग बाहेरून एम-सील लावून चालवू का?

उत्तर १:
भोक बुजेल, पण बाकीचे ठिपके आतून चालूच राहतील. आधी पाण्याचं क्लोराइड तपासून घ्या, लिटरला २०० मिलिग्रॅमच्या वर असलं तर ३०४ चा भरवसा धरत नाहीत. ३१६ मध्ये २-३ टक्के मॉलिब्डेनम असते, जास्त टिकते, पण महाग, अन् गाळ काढावाच लागतो.

मूळ प्रश्नकर्ता:
उद्याच देतो पाणी तपासाले. मायले अजून सांगतलं नाही.