मदत हवी आहे: हँडसेटचा दिवा लागतो, पण टॉकग्रुप ४०४ ऐकू येत नाही

मंडळी, आठवडाभर अडकलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी घोडबंदर रोडला राहतो, सातवा मजला. हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं लायसन्स नुकतंच आलं. व्हीयू३ने सुरू होणारा कॉलसाइन (हवेवरचं माझं ओळखनाव) मिळाला, पाठोपाठ डीएमआर या डिजिटल रेडिओ पद्धतीचा सात आकडी आयडीही. एक डीएमआर हँडसेट घेतला आणि रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर पाय-स्टार हे सॉफ्टवेअर टाकून छोटा हॉटस्पॉट (हँडसेटला इंटरनेटवरच्या रेडिओ नेटवर्कशी जोडणारं यंत्र) तयार केला. ४३५ ते ४३८ मेगाहर्ट्झ उपग्रहांसाठी आहे, त्यात लुडबूड नको म्हणून ४३४.५०० ठेवली. कलर कोड (जुळणीचा क्रमांक) १, स्लॉट (एकाच फ्रिक्वेन्सीवरच्या आळीपाळीच्या दोन वाटांपैकी एक) २, हँडसेट आणि हॉटस्पॉट दोन्हीकडे सारखंच.

ब्रँडमायस्टर या डीएमआर नेटवर्कवर माझ्या हॉटस्पॉटला ४०४ हा भारताचा टॉकग्रुप (एकत्र बोलायचा गट) स्टॅटिक, म्हणजे कायमचा जोडलेला, लावलाय. ९९९० ला प्रायव्हेट कॉल केला की पॅरट ही चाचणी सेवा माझाच आवाज स्वच्छ परत ऐकवतो. डॅशबोर्डवर एरर अर्ध्या टक्क्याच्याही खाली. म्हणजे फ्रिक्वेन्सी सरकलेली नाही.

आता अडचण. संध्याकाळी ४०४ वर लोक बोलत असतात, डॅशबोर्डवर एकेक कॉलसाइन वर चढताना दिसतो. नेमकं त्याच वेळी हँडसेटचा हिरवा दिवा लागतो, माणूस बोलायचा थांबला की विझतो. स्पीकरमधून मात्र खरखरसुद्धा नाही. आवाज पूर्ण वाढवला, कोडप्लग (हँडसेटच्या सेटिंग्जची फाइल) तीनदा नव्याने भरला. चॅनल एकच केलाय, त्याचा कॉन्टॅक्ट (ज्याला कॉल जातो तो) पॅरट. ४०४ वर मी अजून एकदाही पीटीटी (बोलायचं बटण) दाबलेलं नाही. आधी महिनाभर नुसतं ऐकायचं, लोक कसे बोलतात ते शिकायचं, असं ठरवलंय.

दुकानदार म्हणाला, त्यापेक्षा स्कॅनर घ्या, पोलिसांचंही ऐकू येईल. मला ते अजिबात नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पाऊस झाला, फोन बंद पडले आणि बाबा कुर्ल्याहून चालत दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले. तोवर आई दारातच बसून होती. तशी वेळ पुन्हा आली तर निरोप पोचवता यावा, म्हणून हे शिकतोय. कुठे चुकतंय, सांगाल का?

प्रतिसाद, जुना ऑपरेटर (नेरूळ):

तुमचा हॉटस्पॉट ठीक आहे, चूक कोडप्लगमध्ये आहे. पॅरटचं उत्तर थेट तुमच्या आयडीवर येतं, म्हणून सेट ते ऐकवतो. ग्रुप कॉलचं तसं नसतं. तो टॉकग्रुप चॅनलचा कॉन्टॅक्ट असला किंवा चॅनलला जोडलेल्या रिसीव्ह ग्रुप लिस्टमध्ये (ऐकायच्या गटांच्या यादीत) असला, तरच स्पीकर उघडतो. तुमच्याकडे दोन्ही नाही. सेटला सिग्नल मिळतो म्हणून दिवा लागतो, पण हा कॉल आपल्यासाठी नाही असं समजून तो गप्प बसतो. ४०४ घालून लिस्ट बनवा आणि ती चॅनलला जोडा. नुसती बनवून भागत नाही, निम्मे लोक इथेच फसतात. त्याआधी खात्री करायची तर डिजिटल मॉनिटर चालू करून बघा, त्या स्लॉटवरचं सगळं ऐकू येईल.

आणि महिनाभर थांबू नका. कुणी बोलत नसताना कॉलसाइन सांगा, लोक सांभाळून घेतात.

धागाकर्ता:

सर, डिजिटल मॉनिटर लावला आणि पहिल्याच मिनिटाला आवाज आला! मग लिस्ट जोडून मॉनिटर बंद केला, तरी येतोय. कोईमतूरचे एक गृहस्थ गच्चीवरच्या अँटेनाबद्दल बोलत होते. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, खुर्ची ओढून बसली. रविवारी सकाळी कॉलसाइन सांगणार आहे. तुम्ही असाल का त्या वेळी ४०४ वर?