गॅरेथ एन्सवर्थ खरंच मोठा मॅनेजर, की फक्त विकमपुरता?

उजवा_विंगर: काल मित्राशी यावरून कडाक्याचं भांडण झालं. त्याचं म्हणणं, विकम या छोट्या इंग्लिश फुटबॉल क्लबमध्ये नाव कमावलेला एन्सवर्थ लंडनच्या क्यूपीआर क्लबला मॅनेजर म्हणून गेला आणि उघडा पडला, विषय संपला. मला हे जाम खटकलं. हा ब्लॅकबर्नचा माणूस, विंगवर खेळायचा, १९९८ ला विम्बल्डनने पोर्ट व्हेलकडून २० लाख पाउंड मोजून घेतलेला. सप्टेंबर २०१२ मध्ये विकमने मॅनेजर काढला तेव्हा याच्याकडे तात्पुरती जबाबदारी आली, अजून स्वतः टीममध्ये खेळत होता तो! आणि मग दहा वर्षं तिथेच. २०१४ ला शेवटच्या दिवशी क्लब फुटबॉल लीगमधूनच, म्हणजे इंग्लंडच्या वरच्या चार लीगमधूनच, बाहेर पडायच्या बेतात होता, टॉर्कीला जाऊन ३-० जिंकले, तिकडे ब्रिस्टल रोव्हर्स घरच्या ग्राउंडवर हरले, दोघांचे पॉइंट सारखे आणि गोल डिफरन्सवर विकम वाचलं. त्यानंतर सहा वर्षांत हाच क्लब चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे वरून दुसऱ्या लीगमध्ये. १८८७ चा क्लब, तोपर्यंत कधीच तिथे पोचला नव्हता. अजून काय सिद्ध करायचं त्याने?

तिकीटाका_भक्त: तो २०२० चा लीग वनचा (वरून तिसरी लीग) सीझन कोविडमुळे अर्धवट थांबला हे पण सांग की. थांबला तेव्हा विकम आठव्या नंबरवर होतं, म्हणजे प्लेऑफच्या बाहेर (तिसरे ते सहावे वर जायच्या शेवटच्या जागेसाठी खेळतात). पॉइंट्स पर गेम, म्हणजे दर मॅचमागे सरासरी किती पॉइंट, हे लावल्यावर थेट तिसरे! आणि पीटरबरो सहाव्यावरून सातव्यावर ढकलले गेले. त्यांच्या फॅन्सना विचार.

उजवा_विंगर: एक मॅच कमी खेळले होते म्हणून वर गेले, नियम सगळ्यांना एकच होता. आणि प्लेऑफ तर खेळूनच जिंकले ना, आधी फ्लीटवुड, मग वेम्बलीला ऑक्सफर्ड २-१. रिकामं स्टेडियम, जेकबसनची पेनल्टी. मला वाईट एवढंच वाटतं की फॅन्सना ते डोळ्यासमोर बघता आलं नाही.

स्लाऊचा_संत्या: मी इथे जवळच राहतो, विकमच्या अॅडम्स पार्कला बऱ्याचदा गेलोय. इंडस्ट्रियल एरियाच्या रस्त्याच्या अगदी टोकाला ग्राउंड, मागे झाडी. लोक लाँग बॉल लाँग बॉल (लांबून थेट पुढे बॉल मारायचा खेळ) म्हणून नाकं मुरडतात पण अहो अकिनफेन्वासारखा धिप्पाड स्ट्रायकर, नुसता पहाड, पुढे उभा असताना बॉल त्याच्याकडे नाही टाकायचा तर काय मागे पास करत बसायचं? २०१६ ला त्याला क्लब नव्हता, विकमने घेतला, ४० वर्षांचा होईपर्यंत खेळला तो. हातात आहे त्या माणसांतून टीम उभी करणं, खालच्या लीगमध्ये यालाच कोचिंग म्हणतात.

तिकीटाका_भक्त: मान्य, पण मग क्यूपीआर? तिथे विकमपेक्षा चांगले प्लेअर होते, खेळ मात्र तोच. ऑक्टोबर २०२३ मध्ये लागोपाठ सहा मॅच हरून २३ व्या नंबरवर असताना काढला.

पेठेतला_बॅक: थांबा जरा. फेब्रुवारी २०२३ ला तो आला तेव्हा त्या सीझनचा तिसरा मॅनेजर होता. बील सोडून गेला, क्रिचलीला दोन-अडीच महिन्यांत घालवला, आणि टीम पार कोसळत होती. याने वाचवली, विसावे आले. पुढचा सीझन वाईट गेला, ते मी नाकारत नाही. पण दहा वर्षांची मेहनत एका बाजूला आणि आठ महिने दुसऱ्या बाजूला, आणि लोक फक्त ते आठ महिनेच मोजतात. आम्ही कोल्हापुरात तालमीच्या टीमा बघत वाढलो, एका टीमपाशी टिकून राहण्याची किंमत आम्हाला कळते.

तिकीटाका_भक्त: टिकून राहण्याचंच बोलतोयस तर श्रूसबरी? नोव्हेंबर २०२४ ला गेला, लीग वनमध्ये तळाजवळ होते, आणि मार्चमध्ये त्यांना तसंच सोडून जिलिंगहॅमला. ते तर एक लीग खाली! श्रूसबरी शेवटी तळाला राहून रेलिगेट झाले, म्हणजे खालच्या लीगमध्ये गेले. तिथल्या फॅन्सनी काय समजायचं?

उजवा_विंगर: याचं मला पण वाईट वाटलं, खरंच. याचा बचाव मी करणार नाही. पण २०२१ बघ ना, चॅम्पियनशिपमध्ये पहिल्या सातच्या सात मॅच हरूनसुद्धा विकम फक्त एका पॉइंटने खाली गेलं. ४३ पॉइंट! वर राहिलं डर्बी, ४४ वर, ज्यांचे पुढच्या सीझनला पैशांच्या भानगडीत २१ पॉइंट कापले. एवढ्याशा बजेटवर असं लढणारे मॅनेजर किती दाखवशील?

तिकीटाका_भक्त: बजेटचं आधीच मान्य केलं भावा. विकमचा सगळ्यात मोठा माणूस तोच, त्यात वादच नाही. पण विकमबाहेर एक पूर्ण सीझन नीट काढून दाखवला असं एक तरी उदाहरण दे, मी शब्द मागे घेतो.