मदत हवी आहे: घरच्या घरी गाडीला मशीनने पॉलिश आणि वॅक्स

धूमकेतू

नमस्कार मंडळी,

गाडी गडद निळी, मेटॅलिक. रंग कंपनीचाच आहे, कुठेही पुन्हा रंगवलेली नाही. सावलीत छान दिसते. उन्हात उभी केली की मात्र बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक गोल ओरखड्यांचं जाळं उठून दिसतं. टपावर तर विचारू नका. शिवाय मागच्या दारावर एक लांब चरा आहे, कुणाच्या तरी बॅगेच्या चेनचा असावा.

एकदा बाहेरून रबिंग-पॉलिश करून घेतलं होतं. गाडी आरशासारखी झाली, आणि पाच-सहा वेळा धुतल्यावर पुन्हा येरे माझ्या मागल्या. त्यामुळे आता मशीन घेऊन स्वतःच करावं म्हणतोय. आजवर गाडी धुणं आणि हाताने वॅक्स लावणं एवढाच अनुभव.

मशीन रोटरी घ्यावं की डीए? कंपाउंड, पॉलिश, ग्लेझ, वॅक्स यातलं नक्की काय काय लागतं आणि कुठल्या क्रमाने? रंग जाळून ठेवण्याची भीती कितपत खरी? जाणकारांनी कृपया नवशिक्याला समजेल असं सांगावं. व्हिडिओ भरपूर पाहिलेत, त्यानेच गोंधळ वाढलाय.

रिकामटेकडा

गाडी सावलीत लावत चला. ओरखडे गायब.

पाना१२

घरात ड्रिल असेल तर त्यालाच लावायचं पॅड मिळतं. एवढ्या-तेवढ्यासाठी वेगळं मशीन कशाला? वीस मिनिटांत बॉनेट होतं.

जुनाट इंजिन

पाना१२, ड्रिलचा सल्ला कृपया नको. ड्रिल एकाच आसावर गरगर फिरतं, पॅड सपाट टेकत नाही, एका कडेवर भार येतो आणि तिथेच रंग तापतो. रोटरी मशीनही असंच एका आसावर फिरतं, त्याचाही मूळ धोका तोच. रोटरी वाईट नाही, खोल काम तिच्यावर झपाट्याने होतं, पण तिला सरावलेला हात लागतो. आणि नीट फिनिशिंग केलं नाही तर उन्हात सरकत्या प्रकाशासारखे पट्टे दिसतात, ज्यांना होलोग्राम म्हणतात.

धूमकेतू, तुम्ही डीए घ्या. डीए म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन: पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी छोट्या वर्तुळात थरथरतं. साध्या डीएवर जास्त दाब दिला की पॅडचं फिरणं थांबतं, नुसती थरथर उरते. त्यामुळे काम अडतं, पण रंगही वाचतो. नवशिक्याला हीच सोय हवी. बॅकिंग प्लेटच्या (पॅड जिच्यावर चिकटतं ती चकती) कडेवर मार्करने एक रेघ मारून ठेवा. काम करताना ती रेघ फिरताना दिसली तर ठीक, जागच्या जागी थरथरली तर दाब जास्त होतोय किंवा मशीन तिरकं धरलंय.

थरथरीच्या वर्तुळाचा आकार, ज्याला थ्रो म्हणतात, मशीनवर लिहिलेला असतो: ८, १५, २१ मिलिमीटर. मोठा थ्रो सपाट पत्र्यावर भराभर काम करतो, वळणांवर अडतो. पहिलं मशीन ८ किंवा १५ चं आणि ५ इंची प्लेटचं घ्या, बहुतेक जागी पोचता येईल.

आता मूळ मुद्दा, जो व्हिडिओवाले घाईत उरकतात. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग, त्यावर पारदर्शक क्लिअर कोट. सगळं मिळून साधारण १०० ते १८० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० च्या आसपास. तुमचे गोल ओरखडे या वरच्या थरात आहेत. पॉलिश म्हणजे ओरखडा बुजवणं नव्हे, त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून पृष्ठभाग ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणणं. घासलेला थर परत येत नाही आणि उन्हापासून रंगाचं रक्षण करणारा थरही तोच. म्हणून किती काढता येईल यापेक्षा किती कमी काढून भागेल, हे आधी ठरवायचं.

तुमचं बाहेरचं पॉलिश का उतरलं त्याचा अंदाजही यातच आहे. ग्लेझ आणि काही पॉलिशांत तेलं व भराव असतो, तो ओरखड्यांत बसतो आणि चकाकी येते. धुण्यात तो निघून गेला की ओरखडे होते तिथेच.

शेवंती

इंजिनरावांशी सहमत. मी भर घालते ती तयारीबद्दल, कारण निम्मं काम तिथेच असतं.

गाडी नीट धुवायची, दोन बादल्या घेऊन. एकीत शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) प्रत्येक वेळी पाण्यात खळबळून मगच शाम्पूत. मग पत्रा वाळवून हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि बोटं अलगद फिरवा. नुसत्या बोटांना जे कळत नाही ते पिशवीतून कळतं, कणीदार खरखर लागते. तिथे क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी. भरपूर लुब्रिकंट मारून, दाब न देता, सरळ रेषेत पुढे-मागे. क्लेचा रंग काळपट झाला की मळून आतला भाग बाहेर काढायचा. क्ले जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्या, जीव कितीही चुकचुकला तरी. चाकांजवळच्या लोखंडी कणांसाठी आयर्न रिमूव्हर मारला तर तो जांभळा होऊन ओघळतो, घाबरू नका. आणि तो पत्र्यावर वाळू देऊ नका.

मग मास्किंग टेप. काळं प्लॅस्टिक, रबरी बीडिंग, बोधचिन्हं, आणि मुख्य म्हणजे पत्र्याच्या कडा व बॉनेटवरच्या धारदार उभारीच्या रेषा. कडेवर रंग मुळातच पातळ असतो आणि पॅडचा सगळा भारही तिथेच एकवटतो. काळ्या प्लॅस्टिकवर पॉलिश वाळलं की पांढरे डाग निघता निघत नाहीत.

ऊन टाळा. पत्रा हाताला गार लागला पाहिजे.

धूमकेतू

दोघांचेही आभार. डीए मागवतो. पॅडचं मात्र कळत नाहीये. नारिंगी, पिवळं, पांढरं, काळं... एका ठिकाणी पिवळं सगळ्यात कडक म्हणतात, दुसऱ्या ठिकाणी मऊ. आणि एकाने लिहिलंय की रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेतल्याशिवाय हात लावू नका.

जुनाट इंजिन

पॅडच्या रंगाला एकच असा नियम नाही, प्रत्येक कंपनीचा वेगळा. पाकिटावर कटिंग, पॉलिशिंग की फिनिशिंग लिहिलंय ते बघा. मायक्रोफायबर आणि लोकरी पॅड फोमपेक्षा जोरात कापतात (म्हणजे क्लिअर कोट जास्त घासतात), ते सध्या नकोच. फोमची पॉलिशिंग पॅडं चार-पाच आणि फिनिशिंगची दोन-तीन घ्या. एकाच पॅडवर अख्खी गाडी ओढायची नाही. ते तापतं, ओलं होऊन बसतं आणि कापायचं सोडून देतं. कटिंग पॅड एखादं असू द्या, वापरायची वेळ येईलच असं नाही.

यंत्राचं म्हणाल तर असलेलं बरं. साधं यंत्र एकूण जाडी सांगतं, त्यातला क्लिअर कोट किती ते नाही. प्लॅस्टिकच्या बंपरवर ते चालत नाही. त्याचा खरा उपयोग पुन्हा रंगवलेला किंवा लांबी भरलेला भाग ओळखायला, तिथे आकडा एकदम वर जातो. तुमची गाडी मूळ रंगात आहे, आणि डीए, पॉलिशिंग पॅड व मध्यम पॉलिश एवढ्यावरच थांबणार असाल तर यंत्रावाचून अडणार नाही. कडक पॅड आणि कंपाउंडने (म्हणजे पॉलिशपेक्षा भरड, जास्त कापणारं) पुन्हा पुन्हा घासायचं असेल तर मात्र घ्या.

आता टेस्ट स्पॉट. बॉनेटवर साधारण ५० गुणिले ५० सेंटिमीटरचा चौकोन टेपने आखा. सगळ्यात सौम्य जोडीपासून सुरुवात: फिनिशिंग पॅड आणि बारीक पॉलिश. भागलं तर सोन्याहून पिवळं. नाही भागलं तर पॉलिशिंग पॅड, मग मध्यम पॉलिश, असं एकेक पायरी वर. जी जोडी तुमच्या रंगाला लागू पडेल तीच पूर्ण गाडीवर. काही रंग कडक असतात, काही मऊ, आणि हे पाहिल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही, मीही नाही.

कृती: नव्या पॅडवर पॉलिशचा पातळ हात सगळीकडे फिरवा, मग वाटाण्याएवढे चार थेंब. मशीन पत्र्यावर टेकवूनच चालू करा आणि टेकलेलं असतानाच बंद करा, नाहीतर शिंतोडे भिंतीपर्यंत जातात. आधी मंद वेगात पसरवा, मग सहापैकी चार-पाचवर. हात सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर एवढाच सरकला पाहिजे. सगळ्यांचा हात इथेच पळतो. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवत एकदा आडवा, एकदा उभा, असे चार ते सहा फेरे. दाब मशीनच्या वजनापेक्षा थोडाच जास्त. वायर खांद्यावरून मागे टाका, पत्र्यावर लोळू देऊ नका. डोळ्यांवर चष्मा आणि नाकाला मास्क हवाच.

रिकामटेकडा

माझी गाडी मॅट आहे. तिला चमकवता येईल का?

शेवंती

येईल, आणि मग ती कायमची ठिगळ लावल्यासारखी दिसेल. मॅटला पॉलिश अजिबात नाही. सिरॅमिक कोटिंग असलेल्यांनीही लक्षात ठेवा, पॉलिशने कोटिंगही निघतं.

धूमकेतू

अपडेट. टेस्ट स्पॉट केला. फिनिशिंग पॅडने फारसा फरक नाही. पॉलिशिंग पॅड आणि मध्यम पॉलिशने बहुतेक जाळं गेलं, टेपच्या एका बाजूला गडद निळा आणि दुसऱ्या बाजूला राखाडी अशी सरळ रेघच दिसतेय! बायकोला बोलावून दाखवली. ती म्हणाली, आता सगळी करावीच लागेल.

पण टॉर्चच्या उजेडात चौकोनात हलका धुरकटपणा आहे. नवे ओरखडे तर पडले नाहीत ना?

जुनाट इंजिन

आधी धुरकटपणा रंगात आहे की रंगावर, ते बघा. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून, साधारण १० ते १५ टक्के, किंवा तयार पॅनेल वाइप मारून स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा. ही पुसणी तशीही प्रत्येक चौकोनानंतर हवी. तेल निघून जातं आणि ओरखडे खरोखर गेले की नुसते झाकले गेले ते दिसतं.

पुसूनही राहिला तर तुमचा रंग मऊपैकी आहे आणि तो पॅडच्या खुणा पकडतोय. दर चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडा, शेवटचे दोन फेरे अगदी हलक्या हाताने घ्या. तरीही राहिला तर वरून फिनिशिंग पॅड आणि बारीक पॉलिशचा हात. मगाशी जे पॅड कमी पडलं तेच आता उपयोगी पडेल, कारण आता त्याला जाळं काढायचं नाही, फक्त धुरकटपणा.

शेवंती

आणि पुसायचं फडकं बघा हो. जाड, मऊ, बिनशिवणीच्या कडेचं, धुताना सॉफ्टनर न घातलेलं. मऊ रंगावर खरखरीत फडकंही तेवढाच धुरकटपणा आणतं.

धूमकेतू

पुसल्यावर बराच कमी झाला, उरलेला फिनिशिंग पॅडने गेला. फडकं बदललं. बॉनेट आणि टप झालं. पाठ बोलतेय.

आता वॅक्सचं सांगा. मशीनने लावायचं का? बंपरला काही वेगळं करायचं का? आणि तो दारावरचा चरा?

पाना१२

(ड्रिल ठेवून दिलंय.) वॅक्स हाताने लावा, दहा मिनिटांत होतं.

शेवंती

पाना१२ यावेळी बरोबर. वॅक्स कापत नाही, त्यामुळे मशीनने जास्त काही साधत नाही. लावायचंच असेल तर मऊ फिनिशिंग पॅड, वेग एक-दोनवर. थर इतका पातळ की लावलाय की नाही असा संशय यावा. जाड थराने चकाकी वाढत नाही, फक्त पुसताना दंड भरतात. थोडं वाळलं की बोट फिरवून बघा: बोटाखालचा भाग स्वच्छ चकचकीत निघाला तर पुसायला घ्या, चिकट फरकटलं तर थांबा. कार्नोबा वॅक्सला ऊब छान येते पण ते काही आठवडेच टिकतं. सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्सच्या जागी लावायचा कृत्रिम संरक्षक थर, काही महिने जातं. गाडी उघड्यावर असेल तर मी सीलंटच लावेन.

जुनाट इंजिन

बंपर प्लॅस्टिकचे, उष्णता पत्र्यासारखी पसरू देत नाहीत, लवकर तापतात. तिथे फेरे कमी, मध्ये हाताचा मागचा भाग लावून बघत चला.

चऱ्यावरून नख आडवं फिरवा. अडकत नसेल तर बॉनेटचीच जोडी वापरा, बराचसा जाईल. अडकत असेल तर तो पूर्ण घालवायच्या नादी लागू नका, तेवढ्यासाठी सगळा क्लिअर कोट खर्ची पडेल. थोडं पॉलिश केलं की चऱ्याच्या कडा गोलसर होतात आणि तो लांबून डोळ्यात भरत नाही. तळाशी पांढरं किंवा राखाडी दिसलं तर प्रायमर उघडा पडलाय, मग पॉलिशचा विषयच नाही. स्वच्छ करून टचअपचा रंग भरा, वॅक्सच्या आधी.

धूमकेतू

नख किंचित अडकतंय, वरच्या टोकाला जरा जास्त. तळ निळाच आहे. म्हणजे कडा गोल करून सोडून देतो. बाकीची दारं पुढच्या सुट्टीला, मग सीलंट. पॅडं धुवायची कशी तेवढं सांगा.

शेवंती

कोमट पाणी, थोडा साबण, हाताने दाबत. पिळू नका. वाळवताना फोम खाली आणि वेल्क्रो वर, म्हणजे पाणी चिकटवलेल्या भागात मुरत नाही.