मदत हवी आहे: फातोर्ड्याहून रात्री चार बस कशा बाहेर काढाव्यात?

पणजी आणि म्हापशाहून मडगावातल्या फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर २०० प्रेक्षक न्यायचे आहेत, ५० आसनांच्या चार बसमधून. फुटबॉलचा सामना ७:३० चा. पणजी ते मडगाव सुमारे ३५ किलोमीटर, पण संध्याकाळी ऑफिस सुटायची वेळ असते, म्हणून पणजीहून ५ ला निघून ६:३० पर्यंत लोकांना उतरवायचं ठरवलंय.

जाणं सोपं आहे, लोक टप्प्याटप्प्याने येतात. खरी अडचण परतीची. ४५-४५ मिनिटं, १५ मिनिटांचं मध्यंतर, वर वाढीव वेळ, म्हणजे शिट्टी ९:२० च्या सुमारास. तेव्हा सगळे एकदम बाहेर येतात. बस गेटजवळ ठेवली तर दुचाकींच्या गर्दीत अडकते, लांब ठेवली तर लोक चुकतात. आणि एका बसला दहा जणांची वाट पाहावी लागली की मागच्या तिन्ही खोळंबतात.

जाणकारांनी कृपया सांगा:
मडगावच्या कदंब बसस्थानकाच्या बाजूला रात्री चार बस उभ्या करता येतील का? परवानगी वाहतूक पोलिसांकडे मागायची की नगरपालिकेकडे? आणि मडगावात न शिरता पणजीकडे महामार्गाला लागायला कोणता रस्ता मोकळा असतो?

बसना क्रमांक, प्रत्येकीला एक हजेरीवाला, ९:५० ला सुटणं पक्कं. वेळ कमी वाटते का, तेही कळवा. मुलं आणि वयस्कर माणसंही सोबत आहेत.