जोआना हिफर्नन : मॉडेल की कारभारीण?

प्रश्न (वाचक, फोंडा)
आमच्या वाचन मंडळात पुढच्या रविवारी मला चित्रकार व्हिस्लर यांची मॉडेल जोआना हिफर्नन हिच्याविषयी बोलायचे आहे. ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकात असे आहे की, १९०३ मध्ये व्हिस्लर वारले तेव्हा तोंडावर जाळी घेतलेली एक बाई शवपेटीजवळ बराच वेळ उभी होती आणि ती जोआनाच होती. अलीकडच्या एका लेखात मात्र तिचा मृत्यू १८८६ मधला दिला आहे. शिवाय ती त्यांची जणू सेक्रेटरीच होती, असेही वाचले. यातले खरे काय?

उत्तर (कलाशिक्षक, पणजी)
ताई, १८८६ हेच वर्ष धरा. शवपेटीजवळच्या बाईची हकीकत संग्राहक चार्ल्स फ्रिअर यांची आहे. जाळी वर होताच पिकू लागलेले दाट कुरळे केस दिसले आणि ओळख पटली, असे त्यांचे म्हणणे. पण फ्रिअर व्हिस्लरना पहिल्यांदा भेटले तेच १८९० मध्ये. म्हणजे जोआनाचे केस त्यांना ठाऊक होते ते फक्त चित्रांतून! पांढऱ्या पडद्यापुढे पांढऱ्याच झग्यात, हातात लिलीचे फूल घेऊन, जनावराच्या कातड्यावर उभी असलेली तिची १८६२ ची आकृती एकदा पाहिली की ते तांबूस केस विसरता येत नाहीत. लंडनच्या रॉयल अकादमीने ते चित्र नाकारले आणि १८६३ मध्ये पॅरिसला नाकारलेल्यांच्या प्रदर्शनात ते गाजले.

उत्तर (वकील, म्हापसा)
सेक्रेटरी हा शब्द मला तोकडा वाटतो. १८६६ मध्ये चिलीतल्या वालपराइसोला निघण्यापूर्वी व्हिस्लर यांनी तिच्या नावे मुखत्यारपत्र केले आणि इच्छापत्रही तिच्याच बाजूने केले; त्यांच्या गैरहजेरीत व्यवहार पाहण्याचा अधिकार तिच्याकडे आला. पगारी कारकुनाला कोणी एवढे देत नाही. (आपल्या गोव्यातल्या कायद्याप्रमाणे आई हयात असताना सगळी मिळकत अशी तिऱ्हाइताच्या नावे करता आली नसती, आणि व्हिस्लर यांच्या मातोश्री तर १८८१ पर्यंत होत्या.) याच मातोश्री लंडनला राहायला आल्या तेव्हा जोआनाला चेल्सीतल्या घरातून बाहेर पडावे लागले होते, हे विसरू नये.

प्रश्नकर्ती (फोंडा)
दोघांचेही आभार. व्हिस्लर यांना दुसऱ्या स्त्रीपासून १८७० मध्ये झालेला मुलगा चार्ल्स याला जोआनाने आणि तिच्या बहिणीने वाढवले, हेही मी सांगणार आहे.

उत्तर (कलाशिक्षक, पणजी)
अवश्य सांगा, आणि १८६४ चे आरशापुढचे चित्र दाखवायला विसरू नका. आरशाखालच्या फळीवर टेकवलेल्या डाव्या हाताकडे मंडळींचे लक्ष वेधा : लग्न कधीच झाले नाही, पण बोटात अंगठी आहे.